कमी तिखटाचं मटण

“हे मटण आहे की बाळंतिणीचं पथ्य?” सासूबाई घास चिवडत पुटपुटल्या.

कुंदाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वाइनरीत नोकरीला लागलेल्या लेकाने फोनवर बजावलं होतं, “आई, रेड वाइन आणतोय. तिखटजाळ केलंस तर तिची चव कळायची नाही.” त्यावर त्याचे वडील गरजले होते, “दारू घेऊन या घरात पाऊल टाकायचं नाही!”

तरी तेव्हापासूनचा हा चौथा रविवार, कुंदा मिरची हात आखडूनच घालत होती. बाहेर फटफटी वाजली की तिचा घास थांबायचा. “रस्ता खराब असेल,” “सुट्टी नसेल,” म्हणत बाकीचे जेवण उरकायचे.

आजही मांडलेलं जास्तीचं ताट उचलायला ती वाकली, तोच नवऱ्याने तिचा हात धरला.

“रस्त्याचं काही नाही गं. माझ्या तोंडामुळे येत नाही तो. लाव फोन. बाटलीसकट ये म्हणावं.”