पाकिटावरचं नाव

बोलणाऱ्यांच्या रांगेत तिच्यापुढे एकच नाव उरलं होतं, आणि ते अंजूचं होतं.

शिवकन्याने लॅपटॉप जवळ ओढला. निलंग्याच्या बसस्टँडसमोर अमरनाथकाकांचं हे इंटरनेटचं ऑफिस. अर्ध्या गावाच्या घरांत इथूनच वायर जाते. पडद्यावर मात्र जगभरातली माणसं जमली होती. इंटरनेटचे नियम ठरवणारी ही मंडळी. काल त्यांचं राउटिंगवरून, म्हणजे माहितीने कुठल्या वाटेने जायचं यावरून, भांडून झालं होतं. आजचा वाद वेगळा होता. आपण एखादी साइट उघडतो तेव्हा आतला मजकूर बंद पाकिटात जातो, पण साइटचं नाव पाकिटावर उघडं राहतं. वायर ज्याच्या हातात, त्याला ते वाचता येतं. ते नावही पाकिटाच्या आत टाकायचं का?

काकांचं म्हणणं होतं, नको. शिवकन्याने त्यांच्या वतीने तेच मांडायचं होतं. मुद्दे पाठ होते, तरी ती ते पुन्हा पुन्हा वाचत होती.

"अजून कितीजण?" काकांनी विचारलं.

"एक, काका. मग मीच."

"भिऊ नको. आपलं उदाहरण दे बिनधास्त. नाव दिसलं म्हणून एका घरची पोरगी हातची जाता जाता राहिली. पटतंय का न्हाई बघ त्यांना."

अंजू बोलू लागली. विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगची चार वर्षं होस्टेलच्या एका खोलीत ऐकलेला आवाज. गेली दोन वर्षं न ऐकलेला.

"पाकिटावरचं नाव वाचूनच अर्धा माणूस कळतो," अंजू सांगत होती. "ते कुणाला कळू द्यायचं, हे त्या माणसाने ठरवावं."

शिवकन्याचं डोकं सणकलं. हे अंजूने सांगावं! जर्मनीच्या विद्यापीठात प्रवेश मिळेपर्यंत घरी कळू द्यायचं नाही, असं दोघींत ठरलं होतं. शिवकन्याने सुट्टीत निलंग्याला घरी बसून गुपचूप अर्ज भरला. मुलाखत तोंडावर आली आणि जेवताना वडील, मलप्पा, ताटावरून मान न उचलता म्हणाले, "जर्मनीला चाललीस म्हणं." पासपोर्ट कपाटात गेला, किल्ली वडिलांच्या खिशात. मग वडिलांच्या या मित्राच्या ऑफिसात तिला खुर्ची मिळाली. माहीत फक्त अंजूला होतं. शिवकन्याने तिला एका शब्दाने जाब विचारला नाही. नंबर ब्लॉक केला. अंजूने दुसऱ्यांच्या फोनवरून बरेचदा प्रयत्न केला, मग तीही थांबली.

आज तिला खोडून काढायची संधी होती. पण ही मंडळी पुराव्याशिवाय काही मानत नाहीत. नुसतं 'एक पोरगी' म्हणून भागणार नव्हतं.

"काका, ती पोरगी कसल्या साइटवर जात होती? विचारतील मला."

काकांनी बशीतला चहा ओढला आणि हसले. "आता कशाला लपवू? जर्मनीच्या. रोज दुपारी तेच नाव दिसून राहिलं होतं. म्हटलं, मलप्पाची एकुलती एक लेक, लई लांब जाईल. मीच लावला त्याला फोन. बघ, आज कशी डोळ्यासमोर हायस."

त्यांच्या आवाजात नुसती माया होती.

शिवकन्याने पडद्याकडे पाहिलं. अंजूचं बोलणं संपलं होतं. रांगेत आता सगळ्यात वर तिचं नाव होतं. अध्यक्षांनी ते अडखळत उच्चारलं. तिने रांगेतून नाव काढून घेतलं.

"काय झालं गं?"

"वेळ संपली, काका. आता थेट हुंकार."

या मंडळींत मतदान नसतं. अध्यक्ष एकेक बाजू विचारतात. ज्याला जी पटली त्याने त्या वेळी ओठ मिटून हुंकार द्यायचा. कुणी दिला ते कळत नाही. कुठला आवाज मोठा, एवढंच कळतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काका पोट धरून हसले होते, "भजनी मंडळच की!"

आता मात्र ते खुर्ची सरकवून शेजारी येऊन बसले. "हाव, मग दे दणकून. आपली बाजू आली की सांग."

"नाव पाकिटाच्या आत असावं असं ज्यांना वाटतं..." अध्यक्ष इंग्रजीत म्हणाले.

शिवकन्याने माइक सुरू केला आणि ओठ मिटले. स्पीकरमधून गुणगुण उठली. आधी बारीक, मग भरत गेली. टेबलावरचा कप बशीत थरथरला. त्यात अंजूचा आवाज कुठला, ते तिला ओळखू येईना. आपला अंजूला येतोय का, तेही कळेना.

काका स्पीकरकडे वाकले. "लईच जोर हाय गं यांचा. इथंच बसल्यागत वाटून राहिलं. कोण हायत ही?"

शिवकन्याचे ओठ मिटलेलेच होते, आणि हुंकाराचा श्वास अजून संपला नव्हता.