एकाचे दोन

आग्नेय आशियातल्या एका देशाच्या लष्कराची तक्रार आली होती. ड्रोनचा नवा कॅमेरा झाडीत लपलेल्या माणसाच्या अंगाची ऊब बरोबर टिपतो, पण चालणाऱ्या एका माणसाचे मध्येच दोन दाखवतो. ओटावाच्या ऑफिसात आठवडाभर डोकेफोड करून राजरत्नने तो बग फिक्स केला. आता एकाचा एकच दिसायचा. बॉसने पाठ थोपटली.

रविवारी तो बायकोबरोबर, नंदाबरोबर, बुद्धविहारात गेला. त्याच देशातून जीव वाचवून आलेली एक बाई वंदनेसाठी पुढे झाली. गुडघे टेकून तिने छातीवरची गाठ सोडली आणि पाठीला बांधलेलं लेकरू अलगद काढून आपल्या शेजारी ठेवलं.

"अगं बाई, पाठीवर बाळ होतं! कळलंसुद्धा नाही," नंदा कुजबुजली.

राजरत्न बघतच राहिला. एकाचे दोन झाले होते.

भंतेजींनी पंचशील सुरू केलं. "पाणातिपाता वेरमणी..." कुठल्याही जिवाची हत्या करणार नाही, हे पहिलंच शील सगळा विहार एका सुरात म्हणू लागला. राजरत्नचे हात जोडलेले होते, पण नजर अजून त्या लेकरावरच होती.

नंदाने त्याला कोपराने डिवचलं. "अरे, म्हण ना."