न्याहारीच्या दुकानाचा फळा

च्याई शहरातील आपल्या सोयादुधाच्या दुकानाबाहेर वेन-खुन रोज प्रातःकाळी फळ्यावर चार ओळी लिहीत असे. कधी भाजीच्या भावाविषयी, बहुधा सरकारविषयी. आणि त्याची वृद्ध आई गिऱ्हाइके येण्यापूर्वीच त्या ओळी ओल्या फडक्याने पुसून टाकीत असे.

"मला कुठलं वाचता येतं? पण असल्याच ओळींपायी लष्करानं तुझ्या बापाला उचललं. आला का परत?"

एके दिवशी हवालदार चिउ दारात येऊन उभा राहिला. म्हातारीने पुसलेल्या फळ्यावरून घाईघाईने पुन्हा फडके फिरवले.

"आजी, तुम्ही तापानं पडला होता ना, तेव्हा काय झकास वाचायला मिळायचं! महापौरांवरच्या ओळीला अख्खी चौकी हसली. आता रोज फळा कोरा का?"

एवढे बोलून, दूध पिऊन तो शीळ घालीत निघून गेला.

म्हातारी त्याच्या पाठमोऱ्या गणवेशाकडे विस्मयाने पाहत राहिली. मग तिने खडू उचलला आणि मोत्यांसारख्या अक्षरांत लिहिले: 'आज दूध दाट आहे. महापौरांचे आश्वासन पातळ आहे.'

भट्टीवरील दूध उतू गेले, तरी वेन-खुनला भान नव्हते. "आई, तुला लिहिता येतं?"

"तुझ्या बापाला ज्यांच्यापायी नेलं ना, त्या ओळी माझ्या होत्या."