सुभद्राबाईंचा फोटो

शाहनवाज मुंबईहून फोटोग्राफी शिकून आला होता आणि राजापेठेतल्या त्याच्या स्टुडिओतल्या प्रकाशयोजनेला अमरावतीत तोड नव्हती. अकोल्यातल्या पहिल्या प्रदर्शनासाठी आता एकच फोटो उरला होता, साठ वर्षं गावोगावची बाळंतपणं केलेल्या सुभद्राबाईंचा. पण तास झाला तरी चेहरा समोरून मिळेना. "मावशी, इकडे पाहा," असं तो म्हणाला की त्या नेमकी मान वळवत. त्यानं दिवे हलवले, लेन्स बदलली, आवाज चढवला. त्या आणखीच वळल्या आणि ओशाळून म्हणाल्या, "राहू दे बाबा, मले घरी जाऊ दे."

तेव्हा स्टुडिओत नावं लिहून घेणारी साधना उठली आणि कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली. एक शब्द न बोलता तिनं तान्हं बाळ जोजवावं तसे हात हलवले. सुभद्राबाई थेट समोर बघून खुदकन हसल्या. शाहनवाजनं फोटो टिपला.

"त्यायले एकाच कानानं ऐकू येते, सर," साधना नंतर हळूच म्हणाली. "तुमी बोलले की त्या कान पुढं करून राहिल्या होत्या."

तासभर भिंगातून शाहनवाज तेच तर बघत होता.

अकोल्यात लोक त्या फोटोपुढून हलेनात. खालच्या पाटीवर शाहनवाजच्या आधी स्वतःचं नाव वाचून साधना गडबडली.

"सर, म्या त बटनबी दाबलं नाई."

"बटनच त दाबलं म्या," शाहनवाज म्हणाला. "फोटो तू काढला."