देव मानता का?

नगरपालिका निवडणुकीच्या प्रचाराला यशोधराताई मांजर्लीतल्या आमच्या सोसायटीत आल्या, तेव्हा सेक्रेटरी म्हणून मीच सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही देव मानता का?"

"नाही मानत. मी बौद्ध आहे."

कुजबुज सुरू झाली. तळमजल्यावरच्या पेठेआजी काठी टेकत उठल्या. "नाला तुंबला तेव्हा माझ्या घरात कमरेएवढं पाणी होतं. देव सोडून मी निघत नव्हते. माझं अख्खं देवघर डोक्यावर घेऊन हीच पोरगी तिसऱ्या मजल्यावर चढली. देव मानणारे तुम्ही सगळे गच्चीवरून व्हिडिओ काढत होतात."

यशोधराताई दणक्यात निवडून आल्या. गुलालाने माखलेल्या तशाच आजींकडे आल्या. आजींनी पेढा भरवत बजावलं, "देवांचं माझं मी बघते. तू तेवढं नाल्याचं बघ."