बारा मीटरचा पतंग

"बारा मीटरचाच पतंग दे!" ऋत्विजने खुंटीवरची पिशवी ओढली. पुण्याहून तो गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर सुट्टीला आला होता. बाहेर मित्र मोबाइल रोखून उभे होते.

"दादा, आज वारा पिसाळलाय. तुमच्या वजनाला सातचाच घ्या. हा फरफटत नेईल," पतंगाच्या ओढीने लाटांवरून सरकण्याच्या खेळाचं, काइटसर्फिंगचं दुकान चालवणारी सुचिता आडवी आली. त्याने तिला ढकललं. ती भिंतीला टेकवलेल्या सर्फिंगच्या फळीवर आदळली.

उठून ती किनाऱ्यावर धावली, तोवर त्याने पतंगाच्या दोऱ्या कमरपट्ट्याला जोडल्या होत्या. पतंग उठायच्या आत तिने सुरीने त्याचं कापड टराटरा फाडलं. ऋत्विज धावत आला आणि त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फुटला.

तेवढ्यात वाऱ्याने तो फाटका पतंगही उचलला. ऋत्विज तोंडघशी पडून खडकांकडे फरफटत निघाला. सुचिताने त्याच्यावर झेप घेतली. तिचे गुडघे सोलवटले, तरी तिने चाचपडत पट्ट्याचा खटका ओढला. सुटलेला पतंग खडकांवर आपटला.

"फाटक्यानं एवढं... धड असता तर?" वाळू थुंकत त्याने उठण्यासाठी हात पुढे केला.

सुचिताने आधी त्याच्या थोबाडीत सणसणीत लगावली, मग हात दिला.