खिडकीतली वाकळ

"आई गं, श्वासबी गरम येतोय. आनि आबा दाराला खुर्ची लावून बसलेत, जसं काय मी पळूनच जानार हाय."

न्हाणीच्या दाराला कान लावून उभ्या असलेल्या क्रांतीला लेकीची कुरकुर शब्द न् शब्द ऐकू येत होती, आणि त्यातच तिचा जीव अडकला होता. मोना कुरकुरतेय तोवर धड आहे. कालपासून पोटात अन्न नाही, पाण्याचा घोट नाही, पण जीभ शाबूत होती. जिभेच्या बाबतीत पोरगी आईवर गेली होती.

दुपारी जयसिंगपुरात कुस्त्यांआधीचं वजन होणार होतं. मोना त्रेपन्न किलोच्या गटात बसायला जराशी जड भरत होती. म्हणून तिच्या आबानं, सयाजीनं, तिला न्हाणीत कोंडून गॅसचा गिझर लावला होता आणि गरम पाण्याचा नळ सोडून ठेवला होता. वाफेनं घाम निघतो, घामानं वजन उतरतं. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून दाराखालच्या फटीत ओला टॉवेल, आणि मागच्या खिडकीत त्याच्या आईनं, तानाबाईंनी, जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ.

गिझर बसवून देणाऱ्यानं तेव्हाच बजावलं होतं, "ह्याचा धूर दिसत न्हाय, पर असतोय. खिडकी उघडी ठेवा."

सयाजी हसला होता. "धुराला भिऊन पैलवान व्हत न्हाईत."

"अवो, बास करा आता," क्रांती म्हणाली. "डोकं दुखतंय म्हनाली मगाशी."

"घाम निघाला की दुखतंयच. आमचं न्हाय दुखलं?"

"तुमच्या येळंला गिझर कुठं हुता?"

ओसरीत तानाबाई सुपात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी एकदा न्हाणीच्या दाराकडं पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

मग कुरकुर थांबली. पाणी मात्र पडतच होतं.

"मोना? ए मोना, शिवी तरी दे गं मला."

नुसतं पाणी.

"डोळा लागला असंल," सयाजी म्हणाला. खुर्चीवरून हलला नाही.

क्रांतीनं वाद घातला नाही. बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात सयाजीनं जत्रेत जिंकलेली चांदीची गदा होती. दर दसऱ्याला तीच ती पुसायची. कपाटाची चावी शोधत बसायला वेळ नव्हता. तिनं कोपरानं काच फोडली, गदा उचलली आणि घरामागच्या बोळात धावली.

पहिल्या घावाला खिडकीची काच गेली, दुसऱ्याला जाळी. तिसरा बसायच्या आत सयाजीनं मागून तिचा अंबाडा धरला.

"माझी गदा! डोकं फिरलं काय तुजं?"

त्यानं थोबाडीत हाणली. तोंडात रक्ताची चव आली तशी ती गर्रकन वळली आणि गदा त्याच्या गुडघ्यावर घातली. एकदा. मग पुन्हा. ज्याची पाठ कधी लागली नाही म्हणून गावभर नाव, तो सयाजी मोरीच्या सांडपाण्यात सपशेल पाठीवर पडला. तिनं वळूनही पाहिलं नाही. दोन्ही हातांनी वाकळ उपसून काढली. फुटक्या काचांनी तळवे फाटले. आतून भसकन वाफ आली. वास कसलाच नव्हता.

आरडाओरडा ऐकून शेजारचा आकाराम भिंतीवरून उडी टाकून आला. हा गुंडूचा बाप. गुंडू सयाजीचाच पठ्ठ्या. गेल्या थंडीत वजन उतरवताना ह्याच न्हाणीत पडला, तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं, म्हणाले सगळे.

आकारामनं आधी बोळातला सिलिंडर बंद केला. मग खुर्ची भिरकावून दारावर लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला दार आतल्या कडीसकट उखडलं. त्यानं मोनाला उचलून अंगणात आणलं, तानाबाईंच्या हातातलं सूप हिसकावलं, लसूण उधळला आणि वारा घालू लागला.

"श्वास हाय, वैनी! हाय श्वास!"

मोना ओकली. क्रांतीनं रक्ताळलेल्या हातांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. कोणीतरी रिक्षा आणायला पळालं.

"गाल बघा की पोरीचं, कसं तांबडंलाल," आकाराम वारा घालता घालता म्हणाला. "गुंडूबी असाच दिसत हुता. मेल्यालं पोर आनि गालावर लाली. मी म्हनलं, वस्ताद, डॉक्टरला कापून बघू द्या. तुमीच म्हनला, पैलवानाच्या अंगाला सुरी लावायची न्हाय."

सयाजी भिंतीला धरून लंगडत आला. "उपाशी हाय पोरगी. चक्कर आली. दुसरं काय न्हाय."

"व्हय, उपासानं हुतंय असं," भिंतीपलीकडून एक बाई म्हणाली. तिच्या बाजूच्या दोघीतिघींनी माना हलवल्या.

तानाबाई उठल्या. बोळात जाऊन वाकळ घेऊन आल्या. तिच्यातून काचा गळत होत्या. त्यांनी ती आकारामच्या पायाशी ठेवली.

"आये, तू आत जा," सयाजी म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आकारामही मान वर करीना. त्याचं सूप हलतच होतं.

"आकाराम," तानाबाई म्हणाल्या, "गुंडू पडला त्या दिवशीबी ही वाकळ खिडकीतच हुती. तू यायच्या आत मी काढली, आनि धुऊन वाळत घातली."